विंडोज सोडायचं ठरवलंत, तर ईमेल आणि चॅटचं काय होतं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. त्या दिवशी कुणाचा संगणक बंद पडला नाही, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या आपसूक येणं थांबलं. नाव नोंदवून वर्षभराची मुदतवाढ घेता येते, तीही १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते. विंडोज ११ वर जावं म्हटलं तर तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी अलीकडचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे अजून उत्तम चालणाऱ्या अनेक संगणकांना ती दारातच अडवते. मग कुणी विंडोजऐवजी लिनक्स या दुसऱ्या सिस्टिमचा विचार करतं, कुणी मॅक घेतं.

लिनक्स बसवणं आता अवघड राहिलेलं नाही. लोक अडतात ते दुसऱ्याच प्रश्नावर. दहा-पंधरा वर्षांचे मेल, त्यातली बिलं आणि करारपत्रं, व्हॉट्सअ‍ॅपवरची बोलणी, सिग्नलवरचे फोटो या सगळ्याचं काय होणार? ही भीती अगदी रास्त आहे, कारण यातलं काही गेलं तर बहुतेक वेळा परत मिळत नाही. पण काय जाऊ शकतं आणि काय जाऊच शकत नाही, हे आधी कळलं तर निम्मी धास्ती उरत नाही.

प्रोग्राम सोबत येत नाही

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाचा पायाभूत प्रोग्राम. स्क्रीन, कीबोर्ड, डिस्क आणि नेटवर्क त्याच्या ताब्यात असतात आणि बाकीचे प्रोग्राम त्याच्याकडे मागणी करून कामं करून घेतात. विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स ही तिन्ही अशीच सिस्टिम आहेत, पण मागणी करण्याची रीत प्रत्येकीची निराळी. विंडोजसाठी बांधलेला प्रोग्राम विंडोजच्याच रीतीने मागण्या करतो. त्याचं फोल्डर उचलून लिनक्सवर ठेवलं तरी तो चालत नाही, कारण तो जे मागतो ते तिथे कुणाला समजत नाही.

म्हणून प्रोग्राम हलवायचा विचार सोडून द्यावा. नव्या सिस्टिमवर त्याच प्रोग्रामची तिच्यासाठी बांधलेली आवृत्ती बसवायची, नाहीतर त्याच कामाचा दुसरा प्रोग्राम घ्यायचा. हलवायचे असतात ते तुमचे मेसेज आणि त्यांच्यासोबतच्या फायली. त्यांच्या बाबतीत तीन गोष्टी शोधाव्या लागतात: मूळ प्रत कुठे आहे, ती कोणत्या प्रकारच्या फाइलमध्ये आहे आणि तिला कुलूप असेल तर किल्ली कुणाकडे आहे. पुढचं सगळं या तिघांभोवतीच फिरतं.

मूळ प्रत कुठे आहे?

ईमेलच्या प्रोग्रामला सर्व्हरकडून, म्हणजे मेल सेवा देणाऱ्याच्या संगणकाकडून, मेल आणायच्या दोन रूढ पद्धती आहेत. एकीचं नाव पॉप, दुसरीचं आयमॅप. पॉप मेल उतरवून घेतं आणि सेटिंग तसं असेल तर सर्व्हरवरची प्रत पुसून टाकतं. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरच राहतं, तुमच्या संगणकावर दिसते ती त्याची नक्कल.

बँकेतली शिल्लक आणि कपाटातली रोकड यांत जो फरक, तोच इथे आहे. आयमॅपवाल्याचा संगणक म्हणजे पासबुक. ते हरवलं तर दुसरं मिळतं, पैसे बँकेत असतात. पॉपवाल्याची सगळी रोकड घरच्या कपाटात असते आणि कपाट गेलं की रोकडही जाते.

आपलं खातं कोणत्या प्रकारचं आहे हे मेल प्रोग्रामच्या खाते-सेटिंगमध्ये लिहिलेलं असतं. पोर्ट नावाच्या रकान्यात ९९५ किंवा ११० दिसलं तर पॉप, ९९३ किंवा १४३ दिसलं तर आयमॅप. पण त्याहून खात्रीची परीक्षा वेगळी आहे. ब्राउझरमध्ये थेट मेल सेवेच्या संकेतस्थळावर लॉगिन करा आणि खूप जुना, नेमका आठवणारा एखादा मेल शोधा. सापडला तर मूळ प्रत सर्व्हरवर आहे. सापडला नाही, पण संगणकावरच्या प्रोग्राममध्ये तो दिसतो, तर तुमच्या संगणकावरची प्रत ही जगातली एकुलती एक प्रत असू शकते. तसं असेल तर तिची दुसरी प्रत होईपर्यंत बाकी कशालाही हात लावू नका.

आयमॅपवाल्यांनीही एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. थंडरबर्ड या मेल प्रोग्राममध्ये ‘लोकल फोल्डर्स’ नावाचा भाग असतो, त्यात ओढून टाकलेले मेल सर्व्हरवर नसतात. मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक या मेल प्रोग्रामच्या जुन्या धाटणीच्या आवृत्तीत ‘ऑटोआर्काइव्ह’ चालू असेल तर ठरावीक काळाने जुने मेल मुख्य पेटीतून निघून संगणकावरच्या वेगळ्या फाइलमध्ये जाऊन बसतात. खातेदाराला वाटत असतं की सगळं सर्व्हरवर आहे, आणि २०१४ चे मेल मात्र केव्हाच तिथून हललेले असतात. जुना मेल शोधून पाहायचा तो यासाठीच. नुसत्या सेटिंगवर विश्वास टाकून चालत नाही.

थंडरबर्ड वापरत असाल तर

तुमचं काम सर्वांत सोपं आहे. थंडरबर्ड विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं आणि तिन्हीकडे मेल एकाच पद्धतीने साठवतं. या साठवणीच्या फोल्डरला प्रोफाइल म्हणतात. तुमचे मेल, पत्ते, खात्यांची सेटिंग, मेल आपोआप वर्गवार लावणाऱ्या चाळण्या (फिल्टर), साठवलेले पासवर्ड असं सगळं त्यात असतं.

विंडोजवर हे फोल्डर ‘अ‍ॅपडेटा’ नावाच्या फोल्डरच्या पोटात असतं आणि ‘अ‍ॅपडेटा’ मुळात लपवलेलं असतं. माझ्या मते मेल गमावण्याचं सर्वांत मोठं कारण हेच. कुणीतरी मदतीला येतं, डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही तीन फोल्डरं पेनड्राइव्हवर घेतं, डिस्क पुसून लिनक्स बसवतं. सगळ्यांनाच वाटतं की सगळं घेतलंय. मेल त्या तिन्हींपैकी कुठेच नसतात. म्हणून शोधाशोध न करता थंडरबर्डच्या मदत मेनूतून ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ उघडा. त्यात प्रोफाइल फोल्डर उघडायचं बटण असतं, ते नेमक्या जागी नेऊन सोडतं.

तिथे पोचलात की जरा थांबून बघा, कारण काय नेतोय हे दिसलं की विश्वास बसतो. ‘मेल’ नावाच्या फोल्डरमध्ये पॉप खात्यांचे आणि लोकल फोल्डर्सचे मेल असतात, ‘आयमॅपमेल’मध्ये आयमॅपच्या नकला. त्यांच्या आत ‘इनबॉक्स’ नावाची फाइल दिसेल, जिच्या नावापुढे कुठलंही शेपूट नाही. तिच्या शेजारीच त्याच नावाची, पण एमएसएफ असं शेपूट लावलेली छोटी फाइल असते. पहिली फाइल म्हणजे तुमचे खरे मेल, एकाखाली एक सलग लिहिलेले. या रचनेला एमबॉक्स म्हणतात. ती साध्या मजकुराची असते, कोणत्याही टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली तरी मेलचे मथळे वाचता येतात. दुसरी फाइल ही नुसती अनुक्रमणिका. ती हरवली किंवा बिघडली तरी थंडरबर्ड पहिलीवरून नवी तयार करतं. नव्या संगणकावर फोल्डर रिकामं दिसलं तर घाबरून जाऊ नका. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘रिपेअर’चं बटण असतं, ते बहुतेक वेळा ही अनुक्रमणिका नव्याने बांधून मेल पुन्हा दाखवतं.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. पुसलेले मेल या फाइलमधून लगेच जात नाहीत. त्यांच्यावर नुसती खूण होते आणि ‘कॉम्पॅक्ट’ केल्यावरच ते खरोखर निघतात. म्हणून नेण्याआधी कॉम्पॅक्ट करून घ्यावं. फाइल बरीच लहान होऊ शकते.

नेताना थंडरबर्ड पूर्ण बंद करायचं. मग प्रोफाइल फोल्डर जसंच्या तसं बाहेरच्या डिस्कवर घ्यायचं. नव्या संगणकावर थंडरबर्ड एकदा उघडून बंद करायचं म्हणजे त्याचं कोरं प्रोफाइल तयार होतं, आणि जुन्या फोल्डरच्या आतलं सगळं त्या कोऱ्या फोल्डरच्या आत ठेवायचं. लिनक्सवर हे फोल्डर कुठे असतं ते तुम्ही थंडरबर्ड कसं बसवलंत त्यावर ठरतं. स्नॅप किंवा फ्लॅटपॅक पद्धतीने बसवलं असेल तर जागा निराळी असते. म्हणून इथेही मदत मेनूतलं तेच बटण वापरा. नव्या संगणकावरचं थंडरबर्ड जुन्यावरच्यापेक्षा मागच्या आवृत्तीचं नको, नाहीतर ते पुढच्या आवृत्तीत वापरलेलं प्रोफाइल उघडायला नकार देतं. आणि मेल साठवायची जागा तुम्ही पूर्वी बदलून दुसऱ्या ड्राइव्हवर नेली असेल, तर ते मेल प्रोफाइलच्या बाहेर आहेत. ते वेगळे उचलावे लागतील, कारण लिनक्सला डी ड्राइव्ह म्हणजे काय हेच माहीत नाही.

निर्यातीचं तयार साधनही थंडरबर्डमध्ये आहे, पण ते दोन जीबीपर्यंतच्या प्रोफाइललाच उपयोगी पडतं. जुन्या मेलवाल्यांचं प्रोफाइल हमखास त्याहून मोठं असतं.

एक इशारा मात्र गांभीर्याने घ्या. थंडरबर्डमध्ये ‘प्रायमरी पासवर्ड’, म्हणजे साठवलेल्या पासवर्डना कुलूप घालणारा मुख्य पासवर्ड, लावलेला नसेल, तर पासवर्ड आणि ते उघडायची किल्ली या दोन्ही फायली प्रोफाइलमध्ये शेजारी शेजारी असतात. तो पेनड्राइव्ह ज्याच्या हाती पडेल त्याच्या हाती तुमचं मेल खातं पडलं.

आउटलुक वापरत असाल तर

इथे घाट चढावा लागतो. जुन्या धाटणीचं आउटलुक मेल पीएसटी नावाच्या फाइलमध्ये ठेवतं. ही मायक्रोसॉफ्टची स्वतःची रचना आहे. तिचा तपशील कंपनीने २०१० मध्ये जाहीर केला, त्यामुळे इतरांना ती वाचणारी साधनं बनवता येतात, पण लिनक्सवर आउटलुकच नाही. शेजारी ओएसटी शेपटाची फाइल दिसली तर ती सर्व्हरवरच्या मेलची नक्कल असते. ती दुसऱ्या संगणकावर नेऊन उपयोग नाही, तिथे खातं पुन्हा जोडायचं.

पीएसटीमधून मेल काढायचे तीन रस्ते मला भरवशाचे वाटतात. विंडोज अजून चालू असेल तर तिथेच थंडरबर्ड बसवून त्यात आउटलुकमधले मेल आयात करायचे आणि मग वर सांगितल्याप्रमाणे प्रोफाइल उचलायचं. ही आयात आउटलुकच्याच मदतीने होते, म्हणून विंडोज पुसायच्या आधीच करून घ्यावी लागते. दुसरा रस्ता सर्व्हरचा. आयमॅप खातं आउटलुकला जोडायचं, त्यात नवं फोल्डर करायचं आणि पीएसटीमधले मेल ओढून त्यात टाकायचे. ते सर्व्हरवर चढतात आणि मग कोणत्याही सिस्टिमवरून दिसतात. याला वेळ लागतो आणि सर्व्हरवर जागा हवी. जीमेलच्या मोफत खात्यात मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी असतात, हे लक्षात घेऊन वर्षावर्षाचे तुकडे करून चढवा.

तिसरा रस्ता विंडोज आधीच गेलं असेल आणि हाती नुसती पीएसटी उरली असेल त्यांच्यासाठी. लिनक्सवर ‘रीडपीएसटी’ नावाची मोफत आज्ञा मिळते. ती पीएसटी वाचून त्यातून एमबॉक्स फायली काढून देते. पीएसटी दुरुस्त करून देतो, बदलून देतो अशा जाहिराती करणारे पैसे मागणारे प्रोग्राम खूप आहेत. आधी ही साधनं वापरून बघा. आणि अनोळखी संकेतस्थळावर तर आपली पीएसटी कधीच चढवू नका, तुमचा सगळा पत्रव्यवहार त्यात असतो.

पत्ते आणि कॅलेंडर वेगळे न्यावे लागतात. पत्त्यांसाठी व्हीकार्ड किंवा सीएसव्ही, कॅलेंडरसाठी आयसीएस हे प्रकार जवळपास सगळे प्रोग्राम ओळखतात. मेल आपोआप वर्गवार लावणारे आउटलुकचे नियम मात्र सोबत येत नाहीत. ते हाताने पुन्हा लिहावे लागतात.

खातं जोडताना पासवर्ड बरोबर असूनही नाकारला जातो, असं का?

अनेक मोठ्या मेल सेवांनी नुसत्या नाव-पासवर्डवर बाहेरच्या प्रोग्रामना आत घेणं बंद केलं आहे. आउटलुक डॉट कॉमच्या व्यक्तिगत खात्यांना हे सप्टेंबर २०२४ पासून लागू झालं. आता प्रोग्राम तुम्हाला सेवेच्या स्वतःच्या लॉगिन पानावर नेतो, तुम्ही तिथे ओळख पटवता आणि प्रोग्रामला फक्त परवाना मिळतो. या पद्धतीचं नाव ओऑथ. थंडरबर्डच्या सेटिंगमध्ये प्रमाणीकरणाच्या जागी ‘ओऑथ२’ निवडलं की अडचण सुटते. जुन्या सेटिंगसकट प्रोफाइल आणलेल्यांना हा फटका जास्त बसतो, आणि त्यांना वाटतं की लिनक्समुळे काहीतरी बिघडलं.

चॅटचं गणित वेगळं आहे

चॅट अ‍ॅपांची नावं आपण एका दमात घेतो, पण आतून ती एकसारखी नाहीत.

टेलिग्राममध्ये नेहमीच्या गप्पांची मूळ प्रत कंपनीच्या सर्व्हरवर असते. नव्या सिस्टिमवर अ‍ॅप बसवा, लॉगिन करा, सगळं समोर येतं. लिनक्ससाठी अधिकृत अ‍ॅप आहे. अपवाद ‘सीक्रेट चॅट’चा. ती ज्या उपकरणावर सुरू झाली तिथेच राहते. स्वतःजवळ प्रत हवी असेल तर डेस्कटॉप अ‍ॅपच्या सेटिंगमधून सगळ्या गप्पा वाचता येतील अशा फायलींच्या रूपात काढून घेता येतात, आणि ते करून ठेवावं असंच मी सांगेन.

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये मुख्य उपकरण तुमचा फोन. संगणक त्याला जोडलेला असतो. असे चार संगणक किंवा उपकरणं जोडता येतात आणि फोन चौदा दिवसांहून जास्त वापरला नाही तर ती तुटतात. म्हणजे संगणकाची सिस्टिम बदलली म्हणून गप्पा जात नाहीत. लिनक्ससाठी कंपनीने अ‍ॅप काढलेलं नाही, पण ब्राउझरमधून वापरता येतं. क्यूआर स्कॅन केला की फोन आपल्याकडचा अलीकडचा इतिहास संगणकाला देतो. संगणकावर उतरवलेली कागदपत्रं मात्र बहुधा ‘डाउनलोड्स’ फोल्डरमध्ये पडलेली असतात. ती आठवणीने घ्या, कारण फोनवरून तुम्ही ती कदाचित पुसलेली असतील.

सिग्नलचं फोल्डर उचलून चालत नाही, ते का?

सिग्नलही फोनला जोडून चालतं, पण त्याचं संगणकावरचं अ‍ॅप मेसेजचा स्वतःचा साठा ठेवतं. हा साठा कुलूपबंद असतो. पूर्वी त्याची किल्ली शेजारच्याच एका साध्या फाइलमध्ये उघडी लिहिलेली असायची. त्यामुळे अख्खं फोल्डर विंडोजवरून लिनक्सवर नेलं की बऱ्याचदा काम भागायचं. पण याचाच अर्थ असा होता की संगणकात शिरलेला कुठलाही वाईट प्रोग्राम ते मेसेज वाचू शकत होता. यावर टीका झाली आणि २०२४ मध्ये सिग्नलने ती किल्ली ऑपरेटिंग सिस्टिमच्या तिजोरीत ठेवायला सुरुवात केली. विंडोजवर ती विंडोजच्या तिजोरीत, मॅकवर किचेनमध्ये, लिनक्सवर तिथल्या कीरिंगमध्ये.

परिणाम उघड आहे. फोल्डर नेलं तरी किल्ली विंडोजपाशीच राहते आणि लिनक्सवरचं सिग्नल तो साठा उघडू शकत नाही. इंटरनेटवरचे जुने सल्ले वाचून लोक फोल्डर नेतात, डिस्क पुसतात आणि मग हताश होतात. सुरक्षा वाढली आणि हलवणं अवघड झालं, या दोन्ही गोष्टी एकाच बदलातून आल्या. मला तो बदल योग्य वाटतो, पण त्याची किंमत वापरणाऱ्यांना आधी समजायला हवी.

सुटकेचा मार्गही सिग्नलनेच दिला. जानेवारी २०२५ पासून नवा संगणक जोडताना फोनवरून इतिहास पाठवायचा पर्याय मिळतो. मजकुराचे सगळे मेसेज येतात, फोटो-व्हिडिओ मात्र मागच्या ४५ दिवसांचेच. म्हणजे फोनवर नसलेलं, केवळ जुन्या संगणकावर असलेलं काही येणार नाही. महत्त्वाचे फोटो त्या संगणकावरून आधीच वेगळे जतन करा.

ब्राउझरमधल्या पासवर्डचंही हेच आहे. क्रोम विंडोजवर पासवर्ड विंडोजच्या किल्लीने बंद करतं, त्यामुळे त्याचं फोल्डर नेऊन पासवर्ड मिळत नाहीत. खात्याशी सिंक करा किंवा सेटिंगमधून निर्यात करा, आणि निर्यात केलेली फाइल काम होताच पुसा.

आणि फोनचीच सिस्टिम बदलली तर?

अँड्रॉइडवरून आयफोनवर जाताना व्हॉट्सअ‍ॅपचा गुगल ड्राइव्हवरचा बॅकअप आयफोनवर उतरत नाही. आयफोनचा आयक्लाउडवरचा बॅकअपही अँड्रॉइडवर उतरत नाही. ‘बॅकअप आहे ना’ म्हणून लोक निश्चिंत राहतात आणि इथेच फसतात. अँड्रॉइडवरून आयफोनसाठी २०२२ पासून ‘मूव्ह टू आयओएस’ अ‍ॅपमधून गप्पा नेता येतात. नंबर तोच हवा आणि आयफोन कोरा किंवा पूर्ण रीसेट केलेला हवा. म्हणून नवा फोन हातात आल्यावर आधी हे करा, फोन सजवायचं काम मागाहून.

‘माझं सगळं क्लाउडवर आहे, मला काय करायचंय?’

हा सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप. काही जणांच्या बाबतीत तो खराही आहे. पण वनड्राइव्हकडे, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड साठवणीकडे, जरा निरखून बघा. त्यात फायलींच्या शेजारी ढगाचं चिन्ह असेल तर ती फाइल तुमच्या डिस्कवर नाही, तिथे नुसतं नाव आहे. उघडायला गेलात की विंडोज ती इंटरनेटवरून ओढून आणतं. आता कल्पना करा, तुम्ही पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं, विंडोजची डिस्क उघडली आणि डॉक्युमेंट्स फोल्डर उचलून घेतलं. नावं दिसतील, पण आतला मजकूर येणार नाही. त्यामुळे विंडोजमध्ये असतानाच त्या फोल्डरवर ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ करा आणि सगळ्या फायली उतरून हिरवी खूण येईपर्यंत थांबा. वनड्राइव्हचं अधिकृत अ‍ॅप लिनक्सवर नाही, तिथे ब्राउझरमधून एकेक फोल्डर उतरवत बसावं लागतं.

क्लाउडही एका कंपनीच्या मर्जीवर असतो. मायक्रोसॉफ्टने टीम्सचं, म्हणजे कार्यालयीन चॅट आणि बैठकांच्या प्रोग्रामचं, लिनक्ससाठीचं अ‍ॅप २०२२ अखेरीस बंद केलं आणि ब्राउझरमधली आवृत्ती पुढे केली. स्काइप तर ५ मे २०२५ ला पूर्णच बंद झालं. वर्षानुवर्षांच्या गप्पा ज्यांच्या तिथे होत्या, त्यांना त्या ठरलेल्या मुदतीत काढून घ्याव्या लागल्या. युरोपीय संघात डेटा संरक्षण कायद्याच्या कलम २० नुसार स्वतः दिलेला डेटा यंत्राला वाचता येईल अशा रूपात परत मागायचा हक्क २०१८ पासून आहे. अनेक सेवांमध्ये आज ‘माझा डेटा उतरवा’ असं बटण सगळ्यांना दिसतं. ते बटण सिस्टिम बदलायची वाट न पाहता वापरावं.

फायली नेताना अडवणाऱ्या बारीक गोष्टी

पेनड्राइव्ह जुन्या फॅट३२ पद्धतीने तयार केलेला असेल तर त्यावर चार जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही. थंडरबर्डची इनबॉक्स फाइल किंवा पीएसटी सहज तेवढी होते आणि कॉपी मधेच थांबते. एक्सफॅट वापरा, ती तिन्ही सिस्टिम वाचतात.

विंडोजची डिस्क लिनक्सवरून उघडली आणि तिच्यावर काही लिहिता येत नसेल तर बहुधा ‘फास्ट स्टार्टअप’ कारणीभूत असतं. त्यात विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपतं आणि लिनक्स सावधगिरीने तिथे लिहायचं टाळतं. शिफ्ट दाबून शटडाउन केलं की विंडोज पूर्ण बंद होतं. डिस्कला बिटलॉकर या विंडोजच्या सोयीचं कुलूप असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी मिळवून कागदावर उतरवा. ती असेल तर डिस्क लिनक्सवरूनही उघडता येते, नसेल तर कुणाच्याच बापाला उघडता येत नाही.

देवनागरीत फायलींना लांबलचक नावं देणाऱ्यांसाठी खास गोष्ट. लिनक्सच्या रूढ ईएक्सटी४ डिस्कवर नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं धरली जातात. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. विंडोज २५५ पर्यंत जाऊ देतं. त्यामुळे अहवालाचं अख्खं शीर्षक हेच फाइलचं नाव असेल तर ती फाइल कॉपी होत नाही, आणि शेकडो फायलींच्या गर्दीत ती एक चूक नजरेतून सुटते. नावं आधीच छोटी करा.

‘दोन्ही सिस्टिम शेजारी ठेवल्या तर?’

सुरुवातीला हे शहाणपणाचं आहे. आयमॅप खातं असेल तर दोन्हीकडे तेच मेल दिसतील. पॉप असेल तर मात्र आज विंडोजने उतरवलेलं मेल उद्या लिनक्सला मिळणार नाही, मेल दोन ठिकाणी विभागले जातील. तसं करायचंच असेल तर दोन्हीकडे ‘मेसेज सर्व्हरवर ठेवा’ हा पर्याय लावा, किंवा या निमित्ताने खातं आयमॅपवर न्या.

वाइन नावाच्या साधनाने काही विंडोज प्रोग्राम लिनक्सवर चालतात, पण रोजच्या मेलसाठी आउटलुक त्यावर चालवायच्या भरीस मी कुणाला घालणार नाही. एखाद्या सुधारणेनंतर ते बंद पडलं तर मेल अडकतील.

पुसायच्या आधी

डिस्क पुसणं ही एकच पायरी अशी आहे जिच्यातून माघार नाही, म्हणून ती सगळ्यात शेवटी. शक्य असेल तर जुनी डिस्क काढून बाजूला ठेवा आणि नवीन डिस्कवर लिनक्स बसवा, हा खर्च मला सर्वांत सार्थकी लागणारा वाटतो. ते शक्य नसेल तर बाहेरच्या डिस्कवर प्रत घ्या, ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावा आणि उघडून बघा. प्रत झाली असा संदेश स्क्रीनवर येणं पुरेसं नाही. सर्वांत जुना मेल, जोडपत्र असलेला एखादा मेल, पाठवलेल्यांमधला एखादा मेल असे तिन्ही प्रत्यक्ष उघडले पाहिजेत.

महिनाभर नव्या सिस्टिमवर काम करा. काही राहिलं असेल तर या काळात त्याची आठवण होतेच. मग फोनवरच्या व्हॉट्सअ‍ॅप आणि सिग्नलमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून जुना संगणक काढून टाका आणि मेल सेवेच्या सुरक्षा पानावरून त्याचा परवाना रद्द करा. जुना संगणक कुणाला द्यायचा असेल तर डिस्क नुसती फॉरमॅट न करता पूर्ण पुसा किंवा काढून घ्या. त्यावरच्या प्रोफाइलमध्ये तुमचे पासवर्ड अजून तसेच असतात.